अधारतालला सापडलेली शेवळं

मंडळी, आज सकाळी अधारतालला भाजी घेताना मी भर रस्त्यात ओरडले, "अगं बाई, शेवळं!"

पनागरहून आलेली भाजीवाली दीदी जंगली सुरणाचे कंद विकत होती. कंदांवर आलेली जांभळट फुलं मोडून तिने कचऱ्यात टाकली होती. आमच्या कर्जतला ह्याच फुलांसाठी बायका बाजारात भांडतात.

"ये कौन खाता है, दीदी? गला खुजाएगा," ती हसली. फुलं फुकट दिली. मी एक कंदही घेतला.

बँकेच्या बदलीने इथे हिंदी मुलखात येऊन दोन वर्षं झाली. दोन वर्षं शेवळाची भाजी नाही. घरी येऊन फुलं हौसेने धुतली, आणि मग आठवलं, काकडं कुठून आणू? ती आंबट फळं घातल्याशिवाय शेवळाची खाज जात नाही. इथे कुणाला नावही माहीत नाही.

आईला व्हिडिओ कॉल केला. तिने फोन घरामागच्या झाडाकडे वळवला. काकडं नुसती लगडलेली.

"काय करू त्यांचं?" ती म्हणाली. "मागची टेकडी प्लॉटसाठी खणली गं. यंदा एक शेवळ उगवलं नाही." मग हळूच म्हणाली, "तुझी जरा जवळून दाखव ना."

भाजी केलीच नाही. फुलं पेल्यात उभी आहेत.

तुमच्यापैकी कुणी या आठवड्यात कर्जतकडे जाणार आहे का? एक कंद न्यायचाय. आईने कुंडी भरून ठेवलीय.