आठांपैकी दोन

पडदा वर जातो तेव्हा बदनापुरात एप्रिलची दुपार तापलेली असते. साल सत्त्याऐंशी. पत्र्याखालची खोली. मधोमध दहावीच्या मराठीच्या उत्तरपत्रिकांचा ढीग, अलीकडे बनियनवर भुजंग मास्तर, हातात लाल पेन. पलीकडे उंबऱ्याशी त्यांची बायको साळूबाई, पुढ्यात परात, परातीत गहू. गव्हात फिरणाऱ्या तिच्या बोटांचा आवाज, एवढंच काय ते संगीत.

मास्तरांची पेपर तपासायची रीत बोर्डाच्या कुठल्याच सूचनापत्रात नव्हती. लांब उत्तर आलं की ते मोठ्यानं वाचायचे. पेपर कुणाला दाखवायचा नाही असा नियम. पण साळूबाईला अक्षर येत नव्हतं, तेव्हा नियम मोडत नाही, असा निवाडा मास्तरांनी स्वतःपुरता करून टाकला होता. मुद्दे पुस्तकावरून मोजायचे आणि खरं-खोटं तिच्या बोटांवरून. बोटं चालत राहिली तर चार गुण, मंदावली तर पाच. दहा वर्षांत ती पुरती थांबली मात्र कधीच नव्हती.

त्या वर्षी प्रश्न होता, धड्यातल्या आईचं व्यक्तिचित्र तुमच्या शब्दांत लिहा. गुण आठ. धड्यातली आई लेकराला वाढते, ‘मी जेवले’ म्हणते आणि उपाशी निजते. लेखक मोठेपणी ते आठवून गहिवरतो. बोर्डाच्या नमुना उत्तरात चार मुद्दे होते: माया, कष्ट, त्याग, संस्कार. मुद्द्याला दोन गुण.

“‘आई म्हणजे मायेचा सागर,’” मास्तरांनी वाचलं.

“ह्यो कितवा सागर?”

“एकशे चाळिसावा. सगळ्यांचं गाईड एकच.”

“बुडताल की हो मास्तर एखाद्या दिवशी.”

मग तो पेपर आला. वाकडं अक्षर, घामानं फुटलेली शाई. मास्तर वाचू लागले.

“‘माझी आई पण जेवले म्हणते. मी उठून टोपलं बघते. भाकर नसली तर माझ्यातली अर्धी मोडून देते. ती रागावते. या लेखकाने एकदाही टोपलं बघितलं नाही. आई उपाशी राहते हे त्याला कळत होतं, म्हणून तर त्याने लिहिलं. मग तेव्हा उठला का नाही? मला या आईचा त्याग आवडला नाही.’”

परात गप्प झाली.

मास्तरांनी मुद्दे शोधले. त्याग होता, पण नावडता. ओढूनताणून त्यांनी दोन गुण टाकले.

“किती दिले?”

“दोन.”

साळूबाईनं एक खडा उचलून अंगणात फेकला आणि पुन्हा निवडायला लागली.

मास्तर उठले, पाणी प्याले, बसले. पुढच्या पेपरात पुन्हा सागर. पुन्हा उठले. उन्हातच स्टेशनापर्यंत गेले, गाडी धरायची नसताना वेळापत्रक वाचून आले. आल्यावर चुलीपाशी गेले आणि टोपल्यावरचं फडकं उचललं. टोपलं रिकामं. सकाळच्या तिन्ही भाकरी त्यांच्याच पोटात गेल्या होत्या.

“तू जेवलीस म्हणालीस ना?”

“लाईट न्हाई, गिरणी बंद हाये. पीठ सरलं. संध्याकाळी खाईन की. एवढं काय शोधून राह्यलात?”

बावीस वर्षं मास्तर हात धुताधुता ‘जेवलीस का’ विचारत होते आणि उत्तर यायच्या आत पानाला चुना लावत होते. ते पुन्हा ढिगाशी येऊन बसले. दोन खोडले, आठ लिहिले, शेजारी सही केली.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा घेऊन ते जालन्याला गेले. परीक्षकांनी दिलेले गुण पुन्हा तपासणारे नियामक म्हणजे सर्जेराव सर. त्यांची शाई हिरवी. खोडलेला आकडा त्यांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

“भुजंगराव, यात मुद्दे कुठंयत?”

“साहेब, मोठ्यानं वाचतो. नुसतं ऐका.”

“ऐकायचं काय त्यात? मुद्दे मोजायचे.”

मास्तर उभ्यानं वाचू लागले. पूर्वी गावच्या जत्रेत त्यांनी नाटकात राजाचं काम केलं होतं. तो सगळा आवाज त्यांनी त्या दहा ओळींना दिला. सर्जेरावांचं पेन दुसऱ्या पेपरावर चालतच राहिलं.

“पोरीला धडाच समजला न्हाई.”

“तिला बराबर समजला, साहेब. आपलंच राह्यलं.”

सर्जेरावांनी मान वर केली, हसले आणि हिरव्या शाईत चार लिहिले. “घ्या. तुमच्या पहिल्या आकड्याच्या दुप्पट. झालं समाधान?”

झालं नाही. पुढच्या वर्षी मास्तरांच्या घरी गठ्ठाच आला नाही. पेपरावर नाव नसतं, नुसता नंबर. ती पोर कोण, कुठली, पास झाली का, काहीच कळलं नाही. पुढं कितीतरी वर्षं बसमध्ये, लग्नात, बाजारात एखादी फटकळ बाई दिसली की मास्तर टक लावून बघायचे. ओशाळून मान खाली घालायचे, आणि मग पुन्हा बघायचे.

घरी मात्र जेवून उठले की आधी टोपलं. “आला फौजदार झडतीला,” साळूबाई म्हणायची.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात मास्तरांनी अंथरूण धरलं. शेवटच्या दुपारी साळूबाईनं त्यांना चार चमचे पेज भरवली, तोंड पुसलं. त्यांनी डोळ्यांनीच विचारलं.

“जेवले मी,” ती म्हणाली.

मास्तरांनी उशीवरची मान चुलीकडं वळवली.

“टोपलं दाखव.”