सासऱ्यांचं ‘कशावरून?’

निरपराध माणसांना उलटतपासणीत उभं करण्यात माझ्या सासऱ्यांचा हात धरणारा साऱ्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. बुलढाण्याच्या कोर्टात नाझर म्हणून नोकरी करून ते पेन्शनीत निघाले, पण साक्षीपुराव्याचा नाद काही सुटला नाही. कोणी काही म्हणालं की यांचं ‘कशावरून?’ तयार. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या पंगतीला बसलो तेव्हा चार गोड शब्द बोलावेत म्हणून मी म्हटलं, “भाजी फक्कड झालीय.” ते शांतपणे म्हणाले, “कशावरून, जावईबापू? अजून तं तुम्ही घासबी नाही घेतला.” पाटासकट जमिनीत जावं असं मला झालं. शेजाऱ्याचा ताप वैद्याच्या काढ्यानं उतरला, तर त्यालाही सोडलं नाही. “काढ्यानंतर उतरला हे कबूल. काढ्यानं उतरला हे कशावरून? माहा तं काढ्याबिगर उतरला होता.” धाकट्या मेहुणीच्या सोयरिकीत मुलाकडचे म्हणाले, मुलाला विडी ओढताना कोणी पाहिलं नाही. “कोणी पाह्यलं नाही, का कोणी पाहाले गेलं नाही?” व्याह्यांचा चेहरा उतरला आणि मी उगाच उपरण्याचं टोक चाचपत बसलो. सोयरीक जमली ती सासूबाईंच्या पुरणपोळीमुळे, असं माझं मत आहे. कशावरून, ते विचारू नका.

त्यांचा खरा राग तांदळांवर होता. चोरी झाली की संशयितांना कोरडे तांदूळ चावायला द्यायची तेव्हा रीत होती. ज्याच्या तोंडातून ते कोरडेच पडतील तो चोर. “भ्यालेल्याचंबी तोंड सुकते, तहानलेल्याचंबी सुकते,” ते म्हणायचे. “त्यातला चोर कोणता, हे तांदूळ कसं सांगतीन?” हे त्यांनी इतक्यांदा समजावलं होतं की घरच्या मोलकरणीलाही पाठ झालं होतं.

आणि मेहुणीच्या हळदीच्या दिवशी सासूबाईंची गळ्यातली सोन्याची एकदाणी सापडेना. घर पाहुण्यांनी भरलेलं, व्याही संध्याकाळी येणार. जमलेल्या म्हाताऱ्यांनी तांदळांची गोष्ट काढली. आता यांचं भाषण सुरू होणार म्हणून मी मान खाली घातली. सासरे कपाळ चोळत बसले होते. ते एवढंच म्हणाले, “द्या चावाले.”

सगळ्यांनी चावले, पळसाच्या पानांवर थुंकले. सासऱ्यांची विधवा बहीण त्यांच्याच घरी राहायची. आम्ही तिला आत्याबाई म्हणायचो. आत्याबाईंच्या पानावर तांदूळ पिठासारखे कोरडे पडले. त्या दिवशी सोमवार होता, आणि सोमवारी त्या पाण्याचा थेंबही घेत नसत, हे घरातल्या पोरासोरांना ठाऊक होतं. सगळ्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी बहिणीकडे पाहिलं आणि मान फिरवली.

घटकाभरात एकदाणी मेहुणीच्या पेटीत, शालूच्या घडीत निघाली. सासूबाईंनीच ठेवली होती, आणि विसरल्या होत्या. आत्याबाईंनी लग्नात सगळं हसून केलं, आणि मांडव उतरल्यावर त्या पिंपळगाव राजाला दिराकडे निघून गेल्या.

त्यानंतर घरात कोणी कितीही फुसकं बोललं तरी सासरे गप्प ऐकून घेत. आम्हांला ते बघवत नसे. भाऊबीजेला मला सोबत घेऊन ते पिंपळगावला गेले. आत्याबाईंनी पाट मांडला, ओवाळलं. मान वर न करता ते म्हणाले, “बाई, तुहा उपास मले ठाऊक होता.”

“मले माहीत होतं तुले ठाऊक हाये ते,” त्या म्हणाल्या. “म्हनून तं तांदूळ तोंडात घातले. वाटलं, तू थांबवशीन.”

मला तिथं बसवेना, पण उठणंही बरं दिसलं नसतं. आत्याबाईंनी भावाच्या ताटात करंजी वाढली, मग आणखी एक वाढली. ‘घरी चल’ एवढं सांगायलाच ते इतक्या लांब आले होते. वाटभर त्यांनी ते माझ्याजवळ चारदा म्हणून पाहिलं होतं. बहिणीसमोर मात्र ते त्यांना म्हणता आलं नाही. त्यांनी दोन्ही करंज्या खाल्ल्या, आणि अंधार पडायच्या आत आम्ही निघालो.