गूळ-चुन्याचं बीडिंग

सोल्यूशनचा डबा उलटा धरला. काही पडलं नाही. स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहिला, तर आतलं सगळं वाळून दगड झालेलं.

डब्याचं झाकण आदल्या दिवशी मीच उघडं ठेवलं होतं. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला जीभ अडखळणार नाही.

लढाईचे दिवस. साताऱ्यातल्या एका वर्कशॉपमध्ये मी फिटर होतो. मालक पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार. पुढ्यात सांगलीच्या अण्णासाहेबांची जुनी मोटार उभी. दरवाजाच्या चौकटीला भोवताली रबराची पट्टी असते, तिला आम्ही बीडिंग म्हणतो. ती झिजली की दरवाजा खडखडतो आणि रस्त्यावरची धूळ माणसांआधी आत बसते. अण्णासाहेब जैन व्यापारी, खटपटे. रबर औषधालाही मिळत नव्हतं तेव्हा त्यांनी मुंबईहून चारही दारांची नवी पट्टी पैदा केली होती. ती चिकटवायची सोल्यूशननं. पंक्चरवाले वापरतात तेच. दुसरा डबा मी साताराभर हिंडून पाहिला. नव्हता.

हवालदारांचा कायदा एका ओळीचा होता. "झाकण उघडं दिसलं, की मानूस भाईर." घरी माझी दोन लेकरं. मी झाकण गुपचूप लावलं आणि विचार करत बसलो.

आपल्याकडच्या विहिरी गूळ-चुन्यात बांधलेल्या. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात उभ्या आहेत, चिरा हलत नाही. मग रबर कशाला हलेल? घरून गुळाची ढेप आणली, उकळून चिकट केली. चुना जास्त पडला तर काळ्या रबरावर पांढरं दिसेल, म्हणून चिमूटभरच टाकला.

पट्टी मात्र मन लावून बसवली. खाच खरवडून साफ केली. कोपऱ्यावर रबर ताणलं नाही. ताणलेलं रबर पुढं आखडतं आणि फट पडते. जोड खालच्या अंगाला घेतला, म्हणजे पाणी शिरत नाही. दार लावलं, तर नुसतं ठप्प.

हवालदारांनी पट्टीवरून बोट फिरवलं. बोट नाकाला लावलं.

"वास कसला रं, म्हादू?"

"नवं रबर हाय, सायेब."

"ग्वाड?"

"मुंबईचं हाय."

त्यांनी मान हलवली. मुंबईबद्दल त्यांचं आधीपासूनच वाईट मत होतं.

अण्णासाहेब न्यायला आले. बरोबर त्यांच्या पत्नी आक्का आणि ड्रायव्हर धोंडिबा. "वाटंत सुटलं तर?" अण्णासाहेब म्हणाले. "तू बी चल सांगलीपतोर. उद्या ये माघारी." धोंडिबाच्या शेजारी मी बसलो. तो वाटभर हसतखेळत बोलत होता, आणि माझा हात दाराच्या पट्टीवर.

कऱ्हाडच्या पुढं ऊन उतरलं. जैन माणसं सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. गाडी आंब्याखाली लावली, वारं खेळावं म्हणून चारही दारं उघडी ठेवली. आक्कांनी डबा सोडला. सगळ्यांचं जेवण होऊन परत येतो, तर बीडिंग हलत होतं.

जवळ जाऊन पाहिलं. मुंगळे. चारही दारांना, पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

धोंडिबानं फडकं उचललं.

"हात आवर," अण्णासाहेब म्हणाले. "एक बी जीव मरता कामा न्हाई."

"आवं, मग दार कसं लावायचं?"

"न्हाई लावायचं."

दारं सुतळीनं उघडी बांधली. आक्का मधोमध अंग चोरून बसल्या. बैलगाड्या आम्हाला मागं टाकून चालल्या होत्या. एका गावात पारावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पाव्हनं, उडतीया व्हय गाडी?" धूळ बंद करायला बसवलेलं नवं रबर घेऊन आम्ही सांगलीत शिरलो, तेव्हा आक्कांचं लुगडं आणि रस्ता एकाच रंगाचे होते.

घरी पोचताच अण्णासाहेबांनी विचारलं, "गाडीत गूळ कुनी सांडला?"

धोंडिबाला गाडी हाकताना गूळ-शेंगदाणे तोंडात टाकायची सवय. सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. मीही पाहिलं. ते माझं मला अजून सोसत नाही.

धोंडिबानं एकवार आक्कांच्या डब्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "माज्याच हातनं सांडला, अन्ना."

"कबूल केलंस, म्हनून नोकरी ऱ्हाती. पर नेम घे. गूळ सोडायचा, जलमभर."

नेम म्हणजे वडीलधाऱ्यासमोर केलेला निश्चय. तो मोडत नाहीत. धोंडिबानं हात जोडले. उसाच्या शेतावर वाढलेला माणूस. मी हातभर अंतरावर उभा होतो. अण्णासाहेब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुजं काम झ्याक झालंय."

सकाळपर्यंत मुंगळ्यांनी गूळ साफ केला होता आणि पट्टी लोंबत होती. सांगलीतल्या सायकलवाल्याकडं सोल्यूशन मिळालं. गरम पाण्यानं चौकटी धुऊन मी सगळं पुन्हा बसवलं आणि माघारी आलो.

सहा वर्षांनी होळीला धोंडिबानं मला जेवायला बोलावलं. त्याच्या बायकोनं माझ्या ताटात पुरणपोळी वाढली आणि त्याच्या ताटात भाकरी. मी सगळं सांगून टाकलं.

त्यानं हातातली भाकरी ताटात ठेवली.

"म्हंजी गूळ तुजा?"

"व्हय."

"मी त्या दिशी खाल्लाच न्हवता."

"मग कबूल कशापायी केलंस?"

"मला वाटलं, आक्कांच्या डब्यातनं सांडला. मालकिनीचं नाव कसं घ्यायचं, गड्या? सा वर्सं त्या बाईला मनातनं बोल लावतोय मी." त्यानं माझं ताट आपल्याकडं ओढलं आणि भाकरीचं माझ्याकडं सरकवलं. "गूळ तुजा, तर नेम बी तुजा. आनि आक्कास्नी जाऊन सांगायचं ते बी तूच."

दुसऱ्या दिवशी सांगलीला गेलो. अण्णासाहेबांना आणि आक्कांना सगळं सांगितलं. आक्का म्हणाल्या, "तरीच. मी म्हनतीय, डबा सोडला की धोंडिबा असं काय बगतोय."

तिथून हवालदारांकडं. त्यांनी मला आठ दिवस घरी बसवलं.

तेव्हापासून सणाला माझ्या ताटात भाकरी असते. चूक वेळेवर सांगितली की एका माणसाच्या शिव्या खाऊन भागतं. मला तीन घरं हिंडावी लागली, आणि पोळी गेली ती वेगळीच.