बाबा ढगांत असताना

रोज संध्याकाळी ऑफिसातून घरी येणाऱ्या माणसाचे किस्से होत नाहीत. किस्से होतात ते आठवडा आठवडा गायब राहून अचानक दारात उभं राहणाऱ्याचे. आमचे बाबा पायलट होते, त्यामुळे आमच्याकडे किस्स्यांचा नुसता ढीग. आम्ही दोघी बहिणी भेटलो की एक सुरुवात करते, दुसरी मध्येच ओढून घेते आणि ऐकणारा म्हणतो, ‘काहीही!’ काहीही नाही हो! सगळं उज्जैनमध्ये, माधव नगरच्या आमच्या घरात, बहुतेक वेळा आमच्या तोंडाचा आ वासलेला असताना घडलंय.

*

बाबा आधी सरकारी विमान उडवायचे. मग खासगी विमान कंपन्या निघाल्या आणि बाबांनी राजीनामा देऊन टाकला! घरी सांगितलं कसं, तर जेवताना, ‘जरा वरण वाढ’ म्हणावं तसं.

आजोबांना आम्ही सगळे नाना म्हणायचो. नाना रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांचा घास हातातच राहिला. आईच्या हातातली पळी वरणात पडली.

“प्रायव्हेट?” नाना म्हणाले. “अरे, सरकारी विमान पडलं तर घरच्यांना निदान पेन्शन तरी मिळते!”

ताटावर हे असलं बोलणं! आईचे डोळे भरून आले. बाबा शांतपणे भात कालवत म्हणाले, “नाना, मी पडायच्या बोलीवर नोकरी धरलेली नाही.”

*

कॉलनीतले शर्माजी बाबांचे खास दोस्त. टावर चौकात एकदा बाबा बॅग घेऊन टॅक्सीची वाट बघत होते, तर शर्माजींनी भर बाजारात हाक मारली, “कां जा रिये हो कप्तान साब?”

“दिल्ली.”

“तो कॉलोनी के ऊपर से निकलो तो जरा हॉर्न मार देना. छत पे आ जाएँगे!”

बाबा हसले. शर्माजी हसले नाहीत. ते खरंच छतावर जाऊन थांबले होते! नंतर आठवडाभर बाबांशी बोलले नाहीत.

*

धाकट्या आत्याचं लग्न आषाढ लागायच्या जरा आधी होतं. पंगत मोकळ्या मैदानात. दुपारी पश्चिमेला एक काळा ढग आला आणि मंडपवाल्याने विचारलं, “तिरपाल तान दें क्या?”

सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. घरात पायलट असताना दुसऱ्या कुणाला विचारायचं! बाबांनी कमरेवर हात ठेवून ढग नीट बघितला. म्हणाले, “काही गरज नाही. हा सरळ देवासकडे निघून जाईल.”

पहिली पंगत बसली आणि ढग फुटला! बासुंदीच्या वाट्या भरून वाहायला लागल्या. नवरदेवाच्या फेट्याचा रंग उतरून त्याचे दोन्ही गाल गुलाबी झाले. आत्याच्या सासूबाई डोक्यावर ताट धरून पळत होत्या. आणि बाबा? बाबा भर पावसात तसेच उभे, तोंड वर करून.

नाना ओरडले, “अरे, तुला ढगातलं काही कळतं की नाही?”

“कळतं ना,” बाबा म्हणाले. “पण मी तो कायम वरून बघतो!”

*

मिनू, म्हणजे माझी धाकटी बहीण, पहिलीत होती. शाळेत नव्या मॅडम आल्या. त्यांनी प्रत्येकाला विचारलं, पापा काय करतात? मिनू उभी राहून म्हणाली, “मेरे पापा ऊपर हैं.”

“कहाँ ऊपर, बेटा?”

“बादलों में.”

मॅडमनी तिला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि पहिल्या बाकावर बसवलं.

रविवारी सकाळी मॅडम आमच्या दारात! पांढरी साडी, चेहरा पडलेला. आईने दार उघडलं ते ठसठशीत कुंकू, केसांत मोगऱ्याची वेणी आणि हातात पोह्यांची बशी. मॅडम तिच्याकडे बघतच राहिल्या. मग खाली बसून हळू आवाजात म्हणाल्या, “आप बड़ी हिम्मतवाली हैं.”

आईला वाटलं, दोन मुली एकटीने सांभाळते, त्याचं कौतुक चाललंय. ती म्हणाली, “अब तो आदत हो गई है. शुरू-शुरू में रोना आता था.”

मॅडमनी डोळ्यांना रुमाल लावला. तेवढ्यात न्हाणीघराचं दार उघडलं आणि पांढरा पंचा, पांढरं बनियन आणि तोंडभर दाढीचा पांढरा फेस लावलेले बाबा बाहेर येऊन म्हणाले, “चहा झाला का गं?”

मॅडमची किंकाळी शर्माजींच्या घरापर्यंत ऐकू गेली. पोहे सगळे सतरंजीवर!

*

आई पहिल्यांदा विमानात बसली ती मुंबईहून इंदूरला येताना. विमान बाबाच उडवत होते. आदल्या दिवशी दोघांचं कशावरून तरी कडाक्याचं वाजलं होतं आणि आईने अबोला धरला होता. तिने पट्टाही बांधला नाही. हवाई सुंदरी येऊन सांगून गेली, तर म्हणाली, “टाइट होता है.”

सातपुड्यावर ढग लागले. विमान असं हाललं की शेजारी बसलेल्या आम्ही दोघी बहिणी एकमेकींवर आदळलो. कुणी देवाचं नाव घेत होतं, कुणी समोरची खुर्ची घट्ट धरून होतं. स्पीकरवर बाबांचा आवाज आला. आधी हिंदी, मग इंग्रजी. मौसम खराब आहे, कृपया बसून राहा, वगैरे. आम्हाला वाटलं, संपलं. तर खर्रकन पुन्हा आवाज आला. शुद्ध मराठीत.

“मंदा, पट्टा बांध.”

मागून कुणीतरी विचारलं, “ये मंदा कौन है?”

आईने पट्टा बांधला आणि इंदूर येईपर्यंत खिडकीकडचं तोंड वळवलं नाही. खाली उतरल्यावर मात्र तिचा अबोला सुटला. “सगळ्या विमानासमोर माझं नाव घेतलंत!”

बाबा म्हणाले, “घरात तू ऐकून घेत नव्हतीस.”

*

आणि टंकीचा किस्सा. हा आम्ही सगळ्यांना सांगत नाही.

पावसाळ्याचे दिवस होते. नुकतीच सर येऊन गेली होती आणि ढग इतके खाली आले होते की कॉलनीच्या पाण्याच्या टंकीला टेकल्यासारखे वाटत होते. मिनूच्या मनात काय आलं कोण जाणे, ती टंकीची लोखंडी शिडी चढायला लागली. ढगाला हात लावायचा होता म्हणे. बरीच वर गेल्यावर तिने खाली बघितलं आणि तिथेच थिजली. शिडीला मिठी मारून, डोळे मिटून.

“टंकी पे बच्ची!” कुणीतरी ओरडलं. सगळी कॉलनी धावली. शर्माजी चढायला गेले तर शिडी थरथरली आणि मिनू वरून किंचाळली. ते उतरले. आई नुसती दोन्ही हात वर करून उभी होती.

तेवढ्यात इंदूरहून बाबांची टॅक्सी आली. बाबा युनिफॉर्ममध्येच उतरले, वर बघितलं आणि एक हात उचलून सगळ्यांना गप्प केलं.

“मिनू, बाबा बोलतोय. ऐकू येतंय?”

“हो.” रडका, बारीक आवाज.

“खाली बघायचं नाही. समोरच्या दांडीकडे बघ. उजवा पाय हळूच खाली सोड. लागली दांडी? शाबास. आता डावा. घाई नाही. आपल्याला कुठेही जायचं नाहीये.”

एकेक दांडी करत बाबांनी तिला खाली आणलं. आवाज एकदाही चढला नाही, कापला नाही. शेवटच्या दांडीवरून तिला उचललं आणि आईच्या कडेवर दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शर्माजी रडत होते.

घरी आल्यावर बाबा दारातल्या पायरीवर बसले आणि बुटांची नाडी सोडायला लागले. ती सुटेना. बोटं नुसती थरथरत होती. बाबांचे हात असे आम्ही कधीच बघितले नव्हते. नानांनी मान फिरवली.

मिनूला माझ्याजवळ देऊन आई बाबांसमोर खाली बसली आणि त्यांची नाडी सोडायला लागली. बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मंदा, मी विमान घेऊन जातो तेव्हा... तुला रोज असं होतं?”

आईने बूट काढला, भिंतीशी नीट ठेवला आणि म्हणाली, “दुसरा पाय द्या.”