बाबांची बुर्जी

आमच्या घरचा बुद्धिबळाचा पट कापडाचा होता. मायनं जुन्या लुगड्याचे तुकडे जोडून शिवलेला, एक घर लाल, एक पांढरं. पांढरं नुसतं म्हणायला. माय बिड्या वळायची, तिचं तंबाखूचं सूप पटाला खेटून असायचं, त्यामुळे पांढरी घरं केव्हाच तपकिरी झाली होती. सोंगट्या लाकडाच्या, आजोबांच्या वेळच्या. एक हत्ती कुठं तरी हरवला होता, त्याच्या जागी बिडीच्या दोऱ्याचं रिकामं रीळ उभं राहायचं. लहानपणी मला हत्ती म्हणजे रीळच वाटायचं.

बाबा तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांत सोडायच्या कामावर होते. पाणी कुणाला आधी, कुणाला मागून, यावरून दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या आणि रविवारी वंदना झाली की विहाराच्या ओट्यावर पट पसरायचा. खेळणारे दोघं आणि तोंडानं खेळणारे पंधरा. "घोडा काढ, घोडा काढ!" "अबे, मरते ना तो वजीर!" आणि मी बाबांच्या मांडीला टेकून. ओट्यावर खेळायला बसणारी पोरगी मी एकटीच. म्हातारे चिडवायचे, "शिकव, शिकव बाप्पा. उद्या नवऱ्याले मात देते का नाही पाह्य!" बाबा म्हणायचे, "देऊ दे ना. हरणारा पाह्यजेच ना कोणी."

आमच्याकडचा खेळ देशी. प्यादं एकच घर चालायचं. आणि सगळ्यात मोठा नियम बुर्जीचा. समोरच्याच्या सगळ्या सोंगट्या मारल्या, त्याचा राजा एकटा उरला, की डाव तिथंच मोडला. ती बुर्जी. म्हणजे बरोबरी. मग तुमच्याजवळ वजीर असो की दोन्ही हत्ती, चाटत बसा. जिंकायचं असेल तर समोरच्याचं एक तरी प्यादं जितं ठेवायचं आणि ते जितं असतानाच मात द्यायची. बाबा या बाबतीत फार कडक होते. माझा हात शेवटच्या प्याद्याकडे गेला की ते मनगट धरायचे. "एकट्या राजाले घेरणं, यात कायची मर्दुमकी हाय वो? राहू दे त्याचा एक माणूस त्याच्याजवळ."

आजही कुणी मला म्हणालं की ते चुकीचे नियम होते, तर माझं डोकं फिरतं. चुकीचे नव्हते हो. दुसरे होते. तुमच्या आज्या-पणज्यांनी तेच खेळलेले आहेत, विचारा घरी जाऊन.

मी आठवीत गेले तेव्हा, नव्याण्णव सालच्या आसपास, आमच्या शाळेत नवे खेळाचे सर आले. त्यांनी कबड्डीच्या पोरांना सोडून बुद्धिबळाचे पट आणले, रेक्झिनचे, गुंडाळी होणारे, प्लास्टिकच्या सोंगट्यांचे. कोण कोण खेळतं विचारलं तेव्हा मी हात वर केला आणि सगळा वर्ग हसला. सरांनी मला नवे नियम सांगितले. प्यादं पहिल्यांदा दोन घरं जातं. राजा आणि हत्ती मिळून किल्ला करतात. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की कुठल्याही रांगेत असो, वजीर होतं. मी पटापट शिकले. घरी येऊन बाबांना सांगितलं, तर ते खूश. "दोन घरं? माय वो, लयच घाई हाय बाप्पा त्याईले!"

बुर्जीबद्दल सर काही बोलले नाहीत, कारण त्यांना बुर्जी ठाऊकच नव्हती. मीही विचारलं नाही. आग चटका देते का, हे कुणी विचारतं का?

तालुक्यात मी पहिली आले. मग जिल्ह्याची स्पर्धा, गोंदियाला. बाबांनी सुट्टी टाकली, इस्त्रीचा सदरा घातला. गाडीत भेटेल त्याला सांगत होते, "पोरगी बुद्धिबळ खेळाले जाऊन राहिली, जिल्ह्याचं." एकाने विचारलं, त्यातून मिळते काय? बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा पुढच्या स्टेशनावर जागा बदलून बसला.

शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये पोरंच पोरं. मला वाटलं होतं आठ-दहा असतील. पण आमगावची, देवरीची, सालेकशाची, कुठकुठची पोरं आलेली, कुणाच्या पायात चप्पल नाही, कुणाच्या हातात स्वतःचं घड्याळ. पालकांना बाहेर ठेवलं होतं, ते खिडक्यांना लटकले होते. शेवटच्या फेरीला माझ्यासमोर गोंदियाचीच एक पोरगी आली, पांढऱ्या बुटांची, हिंदी बोलणारी. आम्हा दोघींत जी जिंकेल ती नागपूरला. बरोबरी झाली तर ती जाणार होती, तिचे गुण जास्त होते. हे मला माहीत होतं, बाबांनाही माहीत होतं.

मी चांगली खेळले. हे सांगायला मला लाज नाही, त्या दिवशी मी फार चांगली खेळले. शेवटी तिचा राजा आणि एक प्यादं उरलं. माझ्याजवळ राजा आणि हत्ती. प्यादं माझ्या हत्तीच्या तोंडात होतं, फुकट. मारलं असतं तर राजा एकटा. म्हणजे बुर्जी, बरोबरी, नागपूर गेलं. एवढी मी वेडी होते का? मी हत्ती बाजूला नेला आणि राजाला शह दिला. आणि खिडकीकडे पाहिलं.

बाबांनी डोळे मिटून मान हलवली. शाब्बास म्हणताना ते तशीच हलवायचे.

तिचा राजा प्याद्याला चिकटला. मी शह देत राहिले, तो सरकत राहिला, प्यादं पुढं पुढं. माझा राजा पटाच्या दुसऱ्या टोकाला, तो काही वेळेत पोचला नाही. प्यादं वजीर झालं. त्यानंतर काय राहिलं? उठताना त्या पोरीनं मला खरंच काळजीनं विचारलं, "अरे, प्यादा लिया क्यूँ नहीं तूने? फ्री में था ना."

बाहेर सर डोक्याला हात लावून उभे. "अगं, मारलं का नाहीस तू ते?"

"सर, बुर्जी झाली असती ना."

"काय झाली असती?"

मी सांगितलं. सर चांगला माणूस, रागावले नाहीत. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बेटा, बुर्जी-बिर्जी काही नसतं. राजा एकटा पडला तरी डाव चालूच राहतो. तू मारलं असतंस तर जिंकली असतीस."

बाबा माझ्या मागेच उभे होते. ते पुढं आले आणि शाळेतल्या पोरासारखं विचारलं, "सर, हे कुठचं जी? गोंदियाचं का नागपूरचं?"

"साऱ्या जगात असंच आहे, काका."

"बरं जी," बाबा म्हणाले.

परतीच्या गाडीत त्यांनी मला समोसा घेऊन दिला आणि स्वतः खिडकीबाहेर पाहत बसले. वडसा लाइनीची ती गाडी, दर स्टेशनावर थांबते. मी म्हटलं, "बाबा, पुढच्या वर्षी जिंकीन मी." ते म्हणाले, "जिंकशील. मी नाही राहीन ना मधात." घरी आल्यावर त्यांनी कापडाचा पट झटकला, घडी केला, सोंगट्या त्यात बांधल्या आणि पेटीत तळाशी ठेवला, थंडीच्या रजयांच्याही खाली. माय म्हणाली, "काऊन, एका डावासाठी?" त्यांनी पेटीला कडी घातली.

त्यानंतर बाबा खेळले नाहीत. विहाराच्या ओट्यावर बोलावणी यायची, ते म्हणायचे डोकं दुखते. मी म्हणायचे, चला ना एक डाव, तुमचेच नियम. "नको माय. पोरगी खराब केली म्या शिकवून." मी रागावले, रडले, एकदा जेवले नाही. माझा बाप माझ्यासमोर पटावर बसावा, एवढंच मला हवं होतं. नागपूर गेलं चुलीत.

पुढच्या वर्षी मी जिंकले आणि नागपूरला जाऊन आले. तिथं चार डाव हरले, त्याचं मला काही वाटलं नाही. स्टेशनावर बाबा न्यायला आले होते. मी सांगितलं, एकदा सगळ्या सोंगट्या मारून जिंकले. ते "बरं केलं" म्हणाले आणि माझी पिशवी घेऊन पुढं चालायला लागले.

मग खेळ वाढतच गेला. सरांनी रविवारचा वर्ग काढला. मी डी.एड. केलं, चिचगडकडच्या एका गावात शाळेवर लागले, आणि तिथंही पट पसरला. आधी पोरं पटावरच्या घोड्याशी नुसती खेळायची. मग जंगलातून मोहफुलं वेचून आलेली पोरं हात न धुता खेळायला बसायला लागली, आपसात गोंडीत भांडायची आणि शह द्यायचा तेवढा मराठीत ओरडायची. दुकानवाले, कंडक्टर, बँकेतले साहेब, कुणीही संध्याकाळी येऊन बसायचं. आमच्या गावात जयंतीच्या आठवड्यात विहारातच स्पर्धा व्हायला लागली, मांडव घालून, पोरीसुद्धा रांगेनं बसायच्या. मला ते पाहून भरून यायचं. आणि त्याच मांडवात बाबा सतरंज्या टाकायचे, पाण्याचा ड्रम भरायचे, पोरांच्या चपला ओळीनं लावायचे. पटाकडे पाठ. मी एकदा भर मांडवात माइकवर म्हटलं, आमच्या बाबांनी मला हा खेळ शिकवला. टाळ्या पडल्या. बाबा पाणी आणायच्या निमित्तानं निघून गेले. ओट्यावरचे म्हातारे एक एक करत गेले. बुर्जी हा शब्द माहीत असलेलं शेवटी आमच्या घरापलीकडे कुणी उरलं नाही.

दोन हजार बारा-तेराच्या थंडीत बाबांचा दम वाढला. गोंदियाच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून मला बाजूला घेतलं. मी रजा टाकून घरी आले. दुपारी मी अंगणात उन्हात खाट टाकायचे, ते तक्क्याला टेकून बसायचे, माय शेजारी बिड्या वळत. एक दिवस ते म्हणाले, "पट आण वो."

मी धावले. पेटीतल्या रजया फेकल्या, ती घडी काढली, तिला कापूर आणि तंबाखू दोन्हींचा वास. किती वर्षं हो, किती वर्षं! आणून खाटेवर ठेवली तर त्यांनी ती बाजूला सरकवली.

"हा नाही. तुह्या पोट्ट्याईचा आण."

मी रेक्झिनचा पट आणला. त्यांनी प्यादं उचललं आणि दोन घरं पुढं ठेवलं. किल्ला केला, हळूहळू, बोटं मोजत, पण बरोबर केला. कुठं शिकले? ड्रम भरता भरता, पाठीला डोळे लावून शिकले असतील. मी मुद्दाम एक घोडा सोडला तर खेकसले, "काऊन सोडून राहिली? नीट खेळ. मी का लहान हाव?" मग मी नीट खेळले. आणि शपथेवर सांगते, मी हरत गेले. दम लागलेला माणूस, मधे मधे खोकायचा, पण हात अजून तोच होता.

शेवटी माझा राजा आणि एक प्यादं उरलं. त्यांच्याजवळ राजा आणि हत्ती. प्यादं हत्तीच्या तोंडात.

त्यांनी हात पुढं केला आणि तो प्याद्यावर थांबला. त्यांना ते मारवत नव्हतं, मला दिसत होतं. आयुष्यभर त्यांनी कुणाचं शेवटचं प्यादं मारलं नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, राहू द्या ना ते."

त्यांनी मारलं.

"बुर्जी झाली, बाबा," मी म्हटलं. "बरोबरी."

"बुर्जी-बिर्जी काही नसते, बाई," ते म्हणाले. "साऱ्या जगात नसते. खेळ तू."

मी खेळले. माझा एकटा राजा त्यांनी हळूहळू कडेला नेला, दम खात, आणि मात दिली. मग माझ्याकडे पाहिलं, तसंच, त्या दिवशी सरांकडे पाहिलं होतं तसं. "आता बरोबर ना?"

"बरोबर, बाबा."

ते तक्क्यावर टेकले आणि डोळे मिटले. मला रडू आवरेना. मायनं सूप खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काऊन वो, एवढी मोठी मास्तरीण, हरली म्हणून रडतेस?"

मी म्हटलं, "हो."