जिन्याखालच्या निळ्या फरश्या

"थांब, आधी बघू दे," असं म्हणत काकू पदर खोचायच्या आणि समोरच्या वस्तूला वीत लावायच्या. मग तो दुधी भोपळा असो, नवी उशी असो, की जिन्यात अडकलेली माझी लोखंडी खाट असो. खाट अडकली तेव्हा मी आणि हमाल घामाघूम झालो होतो. काकूंनी खाटेला चार विती लावल्या, जिन्याच्या वळणाला तीन, आणि म्हणाल्या, "पाय काढ तिचे." पाय काढले, खाट वर गेली. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी त्याच सकाळी बडोद्यात उतरलो होतो.

दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं आणि काकांचं घर. खाली दोन खोल्या, वर दोन, मध्ये अरुंद जिना. वरची एक खोली मला भाड्याने दिलेली. मी नवापूरकडचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. बडोद्याच्याच अकोटा भागातल्या एका ऑफिसात नकाशे काढायची नोकरी मिळाली, तेव्हा आपल्याला घरं बांधता येतात असं मला मनापासून वाटत होतं. काकू एका शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या. तीस वर्षं त्यांनी काचेच्या नळ्या धुतल्या आणि पोरांचे चुकलेले प्रयोग निस्तरले. मला त्या "इंजिनेर साहेब" म्हणायच्या. त्यात थट्टा किती आणि कौतुक किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग काकांना अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं, नजरही मंदावली. त्यांचा पलंग खालच्या पुढच्या खोलीत आला. न्हाणीघर, संडास सगळं वरच्या मजल्यावर, आणि काठीने चार पावलं जमली तरी जिना त्यांच्यासाठी संपलाच होता. काकू पलंगावरच भांडं द्यायच्या. काका भिंतीकडे तोंड फिरवून घ्यायचे.

"चाळीस वर्षं हा माणूस माझ्यासमोर नुसत्या बनियनवर बसला नाही," काकू एकदा मला हळूच म्हणाल्या. "आता पाणीच पीत नाही. प्यायलं की मला हाक मारावी लागते ना."

डॉक्टर रागावले. काकूंनी लिंबूपाणी केलं, ताक केलं, विनवण्या केल्या. काका ओठ मिटून घ्यायचे. मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होऊन ते एकदा दवाखान्यात जाऊन आले. पुन्हा तसं झालं तर झेपणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

त्या संध्याकाळी काकूंनी जिन्याखालचं दार उघडलं. तिथे एक जुना, उकिडवं बसायचा संडास होता. कित्येक वर्षं त्यात बादल्या, केरसुण्या आणि फुटकी कुंडी एवढंच राहत होतं. काकूंनी आत वाकून भिंतींना विती लावल्या. मी मागे उभा.

"होईल," त्या म्हणाल्या.

कडिया, म्हणजे गवंडी, आला, त्याने डोकं आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "बेन, आमां तो माणस फरे पण नहीं." आत माणूस वळतसुद्धा नाही म्हणे. एवढ्याशा कामाला यायला त्याला दिवाळीनंतरच सवड होती. दुसरा आलाच नाही. नळवाल्याने मात्र अर्ध्या दिवसात कमोड बसवून दिला, नळ जोडला आणि उघडी वीट, उखडलेली जमीन तशीच सोडून तो गेला. कॅनडातला मुलगा फोनवर म्हणाला, "आई, माणूस लाव ना."

"लावलाय," काकू म्हणाल्या. "मीच."

संडास ही छोटी गोष्ट नसते, हे मला कुणी समजावायला नको होतं. आमच्या घरी तो झाला तेव्हा मी नववीत होतो. आईने पहिल्या दिवशी त्याच्या दाराला हळदकुंकू लावलं होतं. मी रविवार काकूंना देऊन टाकले.

लहरीपुऱ्यापासून रिक्षाने आम्ही फरश्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पांढऱ्या फरश्या पुढे केल्या. काकूंनी गडद निळ्या मागितल्या. तो हसला, "मासी, टॉयलेटमां तो सफेद ज सारुं लागे."

"मारे सारुं नथी लगाडवुं, भाई," काकू म्हणाल्या. "एमने देखावुं जोइए." छान दिसायला नव्हे, त्यांना दिसायला हव्यात.

मलाही रिक्षात बसल्यावरच उलगडा झाला. पांढऱ्या ताटलीत वाढलेला भात काका अर्धा ठेवायचे. काकूंना वाटलं, भूक मेली. एकदा धुतलेल्या ताटल्या संपल्या म्हणून त्यांनी निळ्या ताटलीत वाढलं, तर काकांनी शीत ठेवलं नाही. "पांढऱ्यावर पांढरं दिसतच नाही रे त्यांना. मग पांढऱ्या भिंतीपुढचा पांढरा कमोड काय दिसणार?" मी चार वर्षं इमारती शिकलो होतो. भिंतीचा रंग कुणाच्या डोळ्यांसाठी निवडायचा असतो, हे मला एका भाताच्या ताटलीवरून कळत होतं.

काम सुरू झालं. मी सिमेंट-वाळूचं प्रमाण सांगायचो. काकू थापीवर माल घेऊन तिरकी धरायच्या. "हे धिरड्याचं झालं. मला थालीपिठाचं हवं." पुन्हा कालवायचं. फरशी टेकवून त्या चारी कोपरे बोटांनी दाबायच्या. शेजारच्या बाई दारातून म्हणाल्या, "अगं बाई, कडियाकाम कधी शिकलात?"

"मोदक वळायला शिकले तेव्हाच. तुमचे फुटतात अजून?"

पलंगावर काका हसले. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच.

आधाराचा दांडा कुठे बसवायचा याचा नकाशा मी केला. उंची पुस्तकातून घेतली. काकांचा उजवा हात चालतो, म्हणून दांडा उजव्या भिंतीवर. ड्रिलने चार भोकं पाडून मी तो इतका पक्का बसवला की स्वतः लोंबकळून दाखवलं.

"थांब, आधी बघू दे."

काकूंनी पदराने आपला डावा हात पोटाशी करकचून बांधला. डावा पाय ओढत, एक डोळा मिटून त्या आत गेल्या. वळल्या. बसल्या. उजव्या हाताने भिंत चाचपली.

"इंजिनेर साहेब," त्या शेवटी म्हणाल्या, "दांडा माझ्या डाव्या हाताला आलाय."

मी नकाशा दारात उभं राहून काढला होता. आत शिरताना जी भिंत उजवी, ती बसल्यावर डावी. वळून बसल्याशिवाय कुणालाच बसता येत नाही, एवढं माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझे कान तापले. नव्या निळ्या फरशीत चार भोकं पडलेली, एकीला तडाही गेलेला. दुसऱ्या बाजूची भिंत अर्ध्या विटेची, वरून जिन्याचा उतार आलेला. तिथे दांडा टिकणारच नव्हता. मी काढायला पाना उचलला, तर काकूंनी माझं मनगट धरलं.

"राहू दे. आत जाताना लागेलच की हा. हात तोच, उजवा." मग त्यांनी मान वर करून जिन्याच्या दगडाकडे पाहिलं. "आणि बसल्यावरचा आपण उभा करू. जमिनीपासून दगडापर्यंत. बसमध्ये असतो तसा."

पुढच्या रविवारी उभा पाइप बसला. हात बांधून त्या पुन्हा आत गेल्या. बसल्या, पाइप धरून उठल्या, पुन्हा बसल्या. किती वेळा, ते मी मोजणं सोडून दिलं. तुम्हीही आयुष्यात हुशार माणसं पाहिली असतील. दुसऱ्याच्या शरीरात शिरून, त्याचा पाय ओढत, त्याच्या डोळ्याने बघणारं माणूस मी तरी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. अजूनही दुसरं दिसलेलं नाही.

काका त्यानंतर दीड वर्ष होते. ते गेल्यावर काकू मुलाकडे कॅनडाला गेल्या, आणि दुसऱ्याच हिवाळ्यात तिथेच वारल्या. घर विकलं गेलं. माझ्या मनात मात्र काम संपतानाचं आमचं शेवटचं भांडण आणि त्यानंतरचा पहिला दिवस आहे.

भांडण कडीवरून झालं. मी म्हणालो, आतून कडी नकोच, आत पडले तर? काकू म्हणाल्या, कडी हवीच. मी नियम सांगितला, धोका सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि बाजारात जाऊन बाहेरून नाण्याने फिरवता येणारी कडी शोधून आणली. दारही बाहेर उघडेल असं फिरवून घेतलं.

पहिल्या दिवशी काका काठी टेकत निघाले. काकू मागे हात पसरून चालत होत्या, पण कुठेही स्पर्श करत नव्हत्या. काठी भिंतीला टेकली आणि काकांचा उजवा हात दांड्यावर पडला. ते आत शिरले. दार ओढून घेतलं गेलं. आणि कडी लागल्याचा आवाज आला.

मी झटकन पुढे झालो. खिशातलं नाणं माझ्या हातात होतं. काकूंनी मला अडवलं.

"लावू दे," त्या कुजबुजल्या. "तेवढ्यासाठीच तर केलं सगळं."

आम्ही दाराबाहेर श्वास रोखून उभे. आत काही हललं, पाइपवर अंगठी टणकन वाजली, मग शांत. बऱ्याच वेळाने पाणी सोडल्याचा आवाज आला. मी आनंदाने काही बोलणार, तेवढ्यात काकूंनी माझी बाही ओढली.

"चल, चल इथून. बाहेर येतील तेव्हा आपण दारात उभे दिसता कामा नये."

आम्ही स्वयंपाकघरात पळालो आणि मेथीची जुडी पुढ्यात ओढून निवडत बसलो. कडी उघडली. काठीचा आवाज सावकाश जवळ येत होता. काकूंनी मान वर केली नाही. त्या पानं देठांत टाकत होत्या आणि देठं पानांत.