परक्यांच्या सरकारातले पुणेकर

पुणेकर मराठीत भांडायचे. बाकी कुठल्याही भाषेत हा माणूस म्हणजे गरीब गाय. ऑफिसच्या इंग्रजीत "येस, शुअर, नो प्रॉब्लेम", आणि स्वतःच्या मातृभाषेत तर शेजारच्या खुर्चीलाही ऐकू जाणार नाही असं पुटपुटणं. पण मराठी सुरू झाली की टेबलावर हात आपटून, "अहो बाई, तुम्हाला काही कळतंय का?" इथूनच सुरुवात. हे असं का, म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाले, "आमच्या देशात सरकारबद्दल मोठ्यानं बोललेला माणूस रात्री घरी येत नसे. त्यामुळे माझ्या भाषेत मी हळू बोलायलाच शिकलो. मोठ्यानं बोलायला मला पुण्यानं शिकवलं."

तर सांगायचं म्हणजे, ते पुण्याचे नव्हतेच. महाराष्ट्राचे नाहीत, भारताचेही नाहीत. त्यांच्या देशाचं नाव मी लिहिणार नाही, कारण त्यांची बहीण अजून तिथे असेल. ऐंशीच्या दशकात ते पुण्यात शिकायला आले, सहा वर्षं शनिवार पेठेत एका कुटुंबात राहिले, इंजिनियर झाले. परत जाऊन त्यांनी आपल्या राजधानीत पाण्याच्या वाहिन्या टाकल्या. पुढे तिथल्या हुकूमशहाच्या माणसांशी वाकडं आलं, तेव्हा अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडले आणि फिरत फिरत सिंगापूरला पोचले. लग्न राहूनच गेलं होतं. सेम्बावांगला एका चिनी आजीबाईंकडे एक खोली घेऊन राहायचे. "पुणेकर" हे नाव मी ठेवलेलं. तोंडावर मी त्यांना काकाच म्हणायचे.

मी सिंगापूरला गेले ते २०११ साली, विद्यापीठात संशोधनासाठी. दिवसभर प्रयोगशाळेत पेशी मोजायच्या, संध्याकाळी सेंगकांगच्या फ्लॅटवर यायचं, आईला फोन करून "मजेत आहे" म्हणून सांगायचं. मजा कसली, डोंबलाची! एका रविवारी लिटिल इंडियातल्या दुकानात मी आईला फोनवर सांगत होते की आज दडपे पोहे करणार. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "अहो, मग हे जाडे कशाला उचलताय? दडप्यांना पातळ लागतात." वळून बघते तर उंच, गोरा, पांढऱ्या मिशांचा परदेशी गृहस्थ पोह्यांच्या पुड्याकडे बोट दाखवतोय. मला हसावं की रडावं कळेना. आई फोनवर विचारत राहिली, "कोण गं? कोण गं ते शहाणं माणूस?"

तेव्हापासून दर रविवारी दुपारी आम्ही त्याच भागातल्या एका खानावळीच्या माडीवर भेटायला लागलो. त्यांचा कोपरा ठरलेला, कॉफी ठरलेली, आणि भांडणही ठरलेलं. विषय कोणताही चाले: धरणं, इडलीचं पीठ, माझ्या बॉसचा नेभळटपणा. आवाज चढला की खालून ताटं उचलणारे चिनी आजोबा वर यायचे आणि आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायचे, "अंकल, नो नीड अँग्री, लाह." पुणेकर लगेच मान खाली घालून "सॉरी, सॉरी". ते गेले की पुन्हा, "हं, तर मी काय म्हणत होतो?" मला आठवड्याचे सहा दिवस कोणी नव्हतं, आणि त्यांना सातही दिवस नव्हतं, तेव्हा आमचं बरं जमलं.

मग त्यांच्या देशातला हुकूमशहा गेला. परकी विमानं आली, आठवडे न् आठवडे बाँब पडले, आणि तो गेला. पाठोपाठ त्याच परक्यांच्या पाठिंब्यावर तिथे हंगामी सरकार आलं. मी पेढे घेऊन खानावळीत गेले. पुणेकरांनी पेढा हातात घेतला, तो तसाच बशीत ठेवला आणि माझ्यापुढे एक कागद सरकवला. नव्या सरकारचं पहिलं निवेदन. इंग्रजी झकास होतं.

"वार बघा," ते म्हणाले.

"शुक्रवार. मग?"

"अहो, शुक्रवारी दुपारी आमच्याकडे कुत्रंसुद्धा काम करत नाही! नमाज, जेवण आणि झोप. आणि ह्यांनी शुक्रवारी दुपारी मंत्रिमंडळ जाहीर केलं? हा कागद जिथे लिहिला गेला ना, तिथे शुक्रवार कामाचा दिवस आहे."

"असेल घाई."

"घाई कुणाला? आम्ही आयुष्यभर थांबलोच होतो की!"

हे असं प्रत्येक कागदाचं. ते दर आठवड्याला निवेदनं छापून आणायचे आणि शिक्षकानं वह्या तपासाव्यात तसे लाल पेनानं खुणा करायचे. मंत्रिमंडळाची बैठक कुठे झाली? दुसऱ्याच देशातल्या हॉटेलात. प्रत्येक मंत्र्याशेजारी फोटोत एक गोरा सल्लागार कशाला? पुण्यात ज्यांच्याकडे ते राहायचे ते आप्पा पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. त्या आप्पांचं एक वाक्य पुणेकरांनी वेदवाक्यासारखं जपलं होतं: "सरकार कोणाचं हे मंत्र्याला विचारू नये, शिपायाची बदली कोणाच्या सहीनं होते ते बघावं."

एका रविवारी फोन आला. त्यांच्याबरोबर पुण्यात शिकलेला त्यांच्याच देशातला मित्र आता त्या सरकारात मंत्री झाला होता. पुणेकरांनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. "साक्षीदार हवा," मला म्हणाले. तिकडून मोडकीतोडकी मराठी आली, "मी हसत बोलतोय. खोलीत दोन सल्लागार बसलेत, त्यांना आपली भाषा येते, म्हणून ही मराठी. तू पण हस."

पुणेकर हसले नाहीत.

"पाणीपुरवठा तुला देतो," मित्र म्हणाला. "सगळं खातं. ये."

"एक काम कर. तुझ्या ऑफिसातला कुठलाही एक शिपाई धर आणि त्याची बदली कर. आत्ता."

"शिपायाची?"

"शिपायाची."

 मग मित्र म्हणाला, "विचारून सांगतो."

मी टेबलावर थाप मारली. "झालं! आणखी काय पुरावा हवा?"  फोनमधून आवाज आला, "पूर्वेकडच्या वस्तीत अठरा दिवस नळाला पाणी नाही रे. वाहिन्या कुठून गेल्यात ते सल्लागारांना ठाऊक नाही. जुने नकाशे जळाले. तुलाच ठाऊक आहे." पूर्वेकडच्या वस्तीत त्यांची बहीण राहत होती.

त्यानंतर पुणेकर बदलले. तेच मुद्दे आता मी मांडायची आणि ते ऐकून घ्यायचे. "काका, हे सरकार बाहुलं आहे, तुमच्याच तोंडचं वाक्य." "हो." "त्यात गेलात तर उद्या लोक तुम्हाला परक्यांचा नोकर म्हणतील." "म्हणतील. आणि ते खोटंही नसेल, हेच तर वाईट आहे." सिंगापूरचा राहण्याचा पास सोडला की परत यायची सोय नव्हती. ते सरकार पडलं तर त्यात असलेल्यांचं काय होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी वकिलासारखी एकेक कलम वाचत सुटले. इतकं तावातावानं तर मी माझ्या प्रबंधासाठीही भांडले नव्हते.

शेवटी एके दिवशी त्यांनी कॉफीचा कप बाजूला ठेवला आणि अगदी शांतपणे विचारलं, "बाई, तुम्हाला काळजी माझ्या देशाची आहे, की तुमच्या रविवारची?"

वर्मावर बोट ठेवलं की माणूस चिडतोच. मी म्हटलं, "तुमचा रविवार तुम्हालाच लखलाभ!" आणि पर्स उचलून चालू लागले. पुढचे दोन रविवार मी फ्लॅटवर कपडे धूत बसले. खरं सांगायचं तर त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. त्यांच्या देशाचं स्वातंत्र्य मला किती कळत होतं? ते गेले तर मी कुणाशी बोलू, एवढंच मला कळत होतं.

ते गेले. तिथून त्यांचे दोन ईमेल आले, इंग्रजी अक्षरांत मराठी. पहिल्यात होतं: "पूर्वेकडे पाणी सुरू झालं. बहिणीनं म्हाताऱ्या वयात नळाखाली डोकं धरलं. लोक मला परक्यांचा नळवाला म्हणतात." दुसऱ्यात: "तुमचंच खरं. प्रत्येक कागद सल्लागाराकडून फिरून येतो. तो शिपाई अजून तिथेच आहे, रोज मला चहा देतो." वर्ष पुरं व्हायच्या आत ज्यांनी ते सरकार आणलं त्यांनीच ते मोडलं. नव्या मंत्र्यांची यादी आली, तीही शुक्रवारीच. मंत्री झालेला मित्र परदेशात पळाला असं वाचलं. पुणेकरांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं, पळालेल्यांच्या नाही, पकडलेल्यांच्या नाही. फोन लागेना. सेम्बावांगच्या आजीबाईंकडे गेले, तर त्याच मला विचारायला लागल्या, "अंकल व्हेन कम बॅक?"

या सगळ्याला आता काही वर्षं झाली. मी सिंगापूर सोडून परत आले. पुणेकर आठवले की ते भांडण डोळ्यांपुढे येत नाही, त्यांच्या निघण्याची सकाळ येते.

त्या दिवशी ते न कळवता सेंगकांगला माझ्या दारात आले. टॅक्सी खाली उभी होती. मी अजून फुगलेलीच होते. म्हटलं, "सगळं कळून जाताय."

"कळूनच जातोय," ते म्हणाले. मग बूट काढून आत आले, उजवा हात पुढे केला आणि उभे राहिले. तळवा वर, थोडा खोलगट. मी तो हात हातात घेतला आणि हलवला. "ऑल द बेस्ट," म्हटलं, तेही इंग्रजीत. त्यांनी क्षणभर आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं, हसले, "येतो," म्हणाले, आणि बूट घालून लिफ्टकडे गेले.

लिफ्टचं दार लागलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आप्पांच्या घरच्या काकू प्रत्येक परीक्षेच्या सकाळी त्यांच्या हातावर दही घालायच्या. ते कायमचे मायदेशी निघाले तेव्हाही दारात घातलं होतं. हे त्यांनी मला दहादा तरी सांगितलं होतं. तो माणूस एअरपोर्टची वाट वाकडी करून माझ्याकडे दही मागायला आला होता. तोंडानं मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दही फ्रिजमध्ये होतं, आदल्याच दिवशी लावलेलं. मी वाटी घेऊन जिन्यानं दहा मजले खाली धावले, पण टॅक्सी निघून गेली होती.

स्वतःच्या देशात ते परक्यांचे म्हणून जाणार होते. आपलं माणूस म्हणून "या" म्हणणारं त्यांना त्या शहरात एकच जण होतं, आणि मी त्यांच्याशी शेकहँड केला.